कुंडीतील झाड, ऋतू आणि पाणी : पनवेलच्या हवेतील एक अभ्यास

गेल्या पंचवीस-तीस वर्षांत पनवेल आणि त्याच्या आसपासची वस्ती झपाट्याने उंच वाढली. पूर्वी दारापुढे अंगण होते, अंगणात तुळस, परसात अळू आणि केळ होती. आज नवीन पनवेल, कामोठे, कळंबोली, खारघर येथील सदनिकांत राहणाऱ्या आपल्या माजी विद्यार्थ्यांच्या वाट्याला एक बाल्कनी व खिडकीची जाळी येते. तेवढ्या जागेतही ते कुंड्या ठेवतात, याचे आम्हां शिक्षकांना समाधान वाटते. ही मंडळी शाळेत भेटीला आली, की वसतिगृहाच्या व्हरांड्यातील कुंड्यांपाशी थांबतात आणि एक प्रश्न हमखास विचारतात : "सर, रोज न चुकता पाणी घालतो, तरी झाड का मरते?" पालकसभेलाही हाच प्रश्न निघतो. त्याचे उत्तर दोन वाक्यांत देता येत नाही. म्हणून स्मरणिकेच्या निमित्ताने ते सविस्तर मांडत आहोत.

उत्तराचा गाभा आरंभीच सांगून ठेवतो. 'रोज न चुकता' या शब्दांतच बहुतेक वेळा मरणाचे कारण असते. आपल्या प्रदेशात चार महिने हवा पाण्याने भरलेली असते, चार महिने ती कोरडी असते आणि उरलेल्या काळात ती आठवड्याआठवड्याला बदलते. हवा बदलली तरी पाण्याची सवय तीच राहिली, तर कुंडीतील झाड टिकणार नाही. पाणी केव्हा द्यायचे हे दिनदर्शिकेवरून ठरवू नये. कुंडीतल्या मातीवरून ठरवावे. दिनदर्शिकेने केवळ आपले लक्ष कोणत्या गोष्टीकडे असावे, एवढे सांगावे.

१. मुळांनाही हवा लागते

झाड मुळांनी पाणी शोषते आणि पानांतून ते बाष्परूपाने हवेत सोडते. या क्रियेला पाठ्यपुस्तकात बाष्पोच्छ्वास म्हणतात. ऊन, उष्णता व वारा वाढला की ही क्रिया वाढते. हवेतील दमटपणा वाढला की ती मंदावते. म्हणजेच एकाच कुंडीतले एकच झाड मार्चमध्ये जेवढे पाणी पिते, त्याच्या मोठ्या हिश्शाला ते जुलैमध्ये हातही लावत नाही. झाड तेच असले तरी त्याच्याभोवतीची हवा तीच राहिलेली नसते.

दुसरी गोष्ट लोकांच्या ध्यानात सहसा येत नाही. मुळे जिवंत असतात आणि त्यांना प्राणवायू लागतो. मातीच्या कणांमध्ये ज्या पोकळ्या असतात, त्यांत काही भाग पाणी व काही भाग हवा असावी लागते. सतत पाणी घातल्याने सगळ्या पोकळ्या पाण्याने भरतात. पाण्यातून प्राणवायूचा प्रसार हवेच्या मानाने सुमारे १०,००० पट सावकाश होतो. त्यामुळे मुळे गुदमरतात, कुजू लागतात आणि कुजलेले मूळ पाणी शोषू शकत नाही. पाण्यात उभे असलेले झाड अशा रीतीने तहानेने कोमेजते. पाने मलूल झाली म्हणून घरातले कोणी तरी मायेने आणखी एक तांब्या ओतते, आणि झाडाचा उरलासुरला आधारही जातो. तहानलेले झाड व बुडालेले झाड वरून सारखेच दिसते. फरक मातीत हात घातल्यावरच कळतो.

कुंडीच्या तळाशी खडीचा जाड थर दिला की पाणी नीट निचरते, असा एक सार्वत्रिक समज आहे. वस्तुतः बारीक मातीतले पाणी, ती माती पूर्ण भिजल्याखेरीज खालच्या जाड खडीत उतरत नाही. खडीमुळे ओला थर केवळ वर सरकतो आणि मुळांच्या अधिक जवळ येतो. भोकावर खापरीचा एक तुकडा, माती वाहून जाऊ नये एवढ्यापुरता, पुरेसा आहे. निचरा हवा असेल तर मातीच हलकी करावी : लाल मातीत शेणखत किंवा गांडूळखत, थोडा कोकोपीट आणि जाडसर वाळू मिसळावी.

हे पटवून घेण्यासाठी मुलांना एक प्रयोग करून दाखवावा. भांडी घासण्याचा एक नवा स्पंज पाण्यात पूर्ण भिजवून आडवा धरावा. ठिबकणे थांबले की तोच स्पंज उभा करावा. पुन्हा पाणी ठिबकू लागते. उथळ कुंडी जास्त काळ ओली राहते आणि खोल कुंडीचा वरचा भाग लवकर मोकळा होतो, हे यावरून दिसते. उथळ कुंडीला म्हणून पाणी अधिक जपून द्यावे.

२. जुना नियम आणि त्याची पारख

ऋतूप्रमाणे पाणी बदलावे, हा विचार नवा नाही. सहाव्या शतकात वराहमिहिराने रचलेल्या 'बृहत्संहिता' या ग्रंथात वृक्षायुर्वेदाचे एक प्रकरण आहे. लावलेल्या झाडांना उन्हाळ्यात सकाळ-संध्याकाळ, थंडीत दिवसाआड आणि पावसाळ्यात जमीन सुकलेली दिसेल तेव्हा पाणी द्यावे, अशा आशयाचा नियम त्यात आहे. सुमारे दीड हजार वर्षांपूर्वीच्या या वाक्यात निरीक्षणाची शिस्त आहे, हे इतिहासाच्या अभ्यासकाने मोकळेपणी मान्य केले पाहिजे.

परंतु ग्रंथात लिहिले आहे म्हणून तो नियम जसाच्या तसा उचलणे आपल्या परंपरेला धरून होणार नाही. केसपुत्त येथील कालामांना भगवान बुद्धांनी दिलेला उपदेश आपल्या शाळेतील प्रत्येक विद्यार्थ्याला माहीत आहे : परंपरेने आले, ग्रंथात आहे, किंवा आपला गुरू सांगतो, एवढ्यावरून काहीही स्वीकारू नये, स्वतः पारखून पाहावे. तो उपदेश जीवनातील फार मोठ्या प्रश्नांसाठी आहे. पण लहान प्रश्नावर सराव झालेला नसेल, तर मोठ्या प्रश्नाच्या वेळी पारख साधत नाही.

तेव्हा हा नियम पारखून पाहू. वराहमिहिराचे नाव उज्जैनशी जोडले जाते. माळव्यात पाऊस आपल्या मानाने कमी. पनवेल परिसरात तो वर्षाला अडीच-तीन हजार मिलिमीटरच्या घरात जातो आणि बहुतेक सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. शिवाय तो नियम जमिनीतल्या झाडांसाठी आहे. जमिनीत मूळ खाली-बाजूला पसरून ओल शोधू शकते. कुंडीतल्या मुळाला कुंडीबाहेर जाता येत नाही. म्हणून नियमाचा पहिला भाग (उन्हाळ्यात दोन वेळा) आपल्याकडे काही कुंड्यांना लागू पडेल, काहींना जीवघेणा ठरेल. दुसरा भाग (थंडीत दिवसाआड) पुष्कळ घरातील झाडांना जास्त होईल. तिसरा भाग मात्र सर्व ऋतूंना आणि सर्व कुंड्यांना लागू आहे : माती सुकलेली दिसेल तेव्हा. ग्रंथातला हा सर्वांत टिकाऊ शब्द पावसाळ्यापुरता लिहिला गेला. आपण तो बारा महिन्यांसाठी घ्यावा.

३. मातीची परीक्षा करण्याच्या रीती

माती सुकली आहे की नाही, हे वरून पाहून कळत नाही. पृष्ठभाग दोन तासांत कोरडा दिसतो आणि दोन इंचांखाली चिखल असू शकतो. यासाठी तीन सोप्या रीती आम्ही विद्यार्थ्यांना शिकवतो.

पहिली रीत बोटाची. तर्जनी दोन पेरांपर्यंत मातीत घालावी. ओल लागली, माती बोटाला चिकटली, तर त्या दिवशी पाणी नाही. कोरडे लागले तर पाणी द्यावे. कोरफड व स्नेक प्लांट यांच्यासारख्या जाड पानांच्या झाडांना दोन पेरे कोरडी झाल्यावरही आणखी काही दिवस थांबावे.

दुसरी रीत काडीची. खोल कुंडीत बोट पुरत नाही. तेथे जळून गेलेल्या अगरबत्तीची किंवा बांबूची काडी तळापर्यंत खुपसून पाच मिनिटांनी काढावी. काडीला ओली माती लागली असेल तेथपर्यंत ओल आहे, असे समजावे.

तिसरी रीत वजनाची, आणि ही सर्वांत खात्रीची. एक लिटर पाण्याचे वजन एक किलो असते. समजा, भरपूर पाणी देऊन निथळल्यावर एका कुंडीचे वजन ४ किलो २०० ग्रॅम भरले आणि तिसऱ्या दिवशी सकाळी ते ३ किलो ७०० ग्रॅम झाले, तर दोन दिवसांत ५०० मिलिलिटर पाणी गेले. हाच हिशेब मार्च, जुलै आणि डिसेंबरमध्ये केला, की ऋतू बदलतो म्हणजे नेमके काय होते, हे आकड्यांत दिसते. वजनकाटा नसेल तर कुंडी एका बाजूने किंचित उचलून पाहावी. आठवड्याभरात हाताला अंदाज येतो.

पाणी द्यायचे ठरल्यावर ते चमच्याचमच्याने देऊ नये. तळाच्या भोकातून पाणी बाहेर येईपर्यंत सावकाश द्यावे. थोड्या पाण्याने फक्त वरचा थर भिजतो, मुळे वरच राहतात आणि पहिल्याच कडक उन्हात होरपळतात. पाणी भरपूर द्यावे. ऋतूप्रमाणे बदलायचे ते दोन पाण्यांमधील अंतर. या लेखातले एवढे एक सूत्र जरी वाचकांनी घेतले, तरी निम्मी झाडे वाचतील.

४. पनवेलचे ऋतुमान

पुस्तकात ऋतू सहा आणि हवामान खात्यात चार. कुंडीच्या दृष्टीने पनवेलचे वर्ष आम्ही पाच टप्प्यांत विभागतो.

फेब्रुवारीचा शेवट ते एप्रिल : कोरडा उन्हाळा. कोकणपट्टीत सर्वांत तापलेले दिवस मे महिन्यातच येतात, असे नाही. मार्चमध्ये पूर्वेकडून जमिनीवरचे कोरडे वारे वाहतात, समुद्राकडून येणारा वारा दुपारी उशिरा पोहोचतो आणि पारा एकाएकी चढतो. याच काळात शाळेत परीक्षांची धांदल असते आणि घरोघरी कुंड्यांकडे लक्ष कमी असते. होळीच्या आसपासच अंतर कमी करायला लागावे. बाहेरच्या मोगरा, जास्वंद, तुळस, पुदिना यांना बहुधा रोज, आणि लहान मातीच्या कुंडीत असल्यास कधी दोनदा पाणी लागेल. पाणी सकाळी द्यावे. दुसरी पाळी ऊन उतरल्यावर. गच्चीवरच्या टाकीतून उन्हात पडलेल्या पाइपने पाणी घालताना आधीचे गरम पाणी बादलीत काढून घ्यावे. ते मुळांना भाजते. दुपारी मोठ्या पानांची झाडे मान टाकतात आणि संध्याकाळी सावरतात. ते झाडाचे स्वतःला सांभाळणे आहे. सकाळीही मान पडलेली दिसली, तरच काळजी करावी.

या दिवसांत माती एकदा पूर्ण सुकली की आकसते आणि कुंडीच्या कडेने फट पडते. घातलेले पाणी त्या फटीतून थेट खाली जाते. ताटलीत पाणी दिसते म्हणून आपले समाधान होते, आणि मधला गोळा कोरडाच राहतो. अशी कुंडी बादलीभर पाण्यात बुडे थांबेपर्यंत ठेवावी, मग निथळू द्यावी.

मे ते मृगाचा पाऊस : दमट उन्हाळा. बुद्धपौर्णिमेच्या सुमारास हवेत दमटपणा वाढतो. अंगाला घाम येतो व तो वाळत नाही. झाडाचेही तसेच होते. तापमान चढेच असते, पण घरातील झाडांची ओल मार्चच्या मानाने सावकाश कमी होते. उन्हाळा आहे म्हणून घरातल्या मनी प्लांटला रोज पाणी देण्याची चूक याच महिन्यात होते. बाल्कनीत ऊन लागणाऱ्या कुंड्यांचे पाणी चालू ठेवावे, आतल्या कुंड्यांची आधी परीक्षा करावी.

जून ते सप्टेंबर : पावसाळा. या चार महिन्यांत कुंड्यांचे दोन वर्ग करावेत. ज्यांच्यावर पाऊस थेट पडतो, त्यांना पाणी देण्याचा प्रश्न नाही. त्यांचे भोक मोकळे आहे ना, एवढे पाहावे. कुंडीखाली दोन विटा ठेवल्या तर पाणी अडत नाही. कोरफड, अडेनियम, निवडुंगाच्या जाती यांना पावसाआड घ्यावे. दुसरा वर्ग छपराखालच्या व घरातल्या कुंड्यांचा. बाहेर धो धो पाऊस पडतो म्हणून यांना महिनामहिना कोणी पाहत नाही. भर जुलैत, खिडकीबाहेर पाणी कोसळत असताना, आतले झाड तहानेने मेल्याची उदाहरणे पुष्कळ आहेत. आठवड्यातून एकदा बोट घालून पाहावे. पावसाने दहा-बारा दिवस उघडीप दिली, तर पहिल्या वर्गाकडेही पाहावे.

पावसाळ्यातली खरी जबाबदारी कुंडीखालच्या ताटलीची आहे. डेंग्यू पसरवणारा एडिस डास अशाच स्वच्छ, साचलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि अनुकूल हवेत साधारण आठ-दहा दिवसांत अंड्यापासून डास तयार होतो. त्याची अंडी पाण्याच्या रेषेलगत भांड्याला चिकटून राहतात आणि कोरडी पडली तरी कित्येक महिने जिवंत राहू शकतात. म्हणून ताटली नुसती रिकामी करून भागत नाही. आठवड्यातून एकदा घासून कोरडी करावी. मुलांनी भरलेल्या वसतिगृहात हा प्रश्न झाडाच्या जिवापेक्षा मोठा आहे.

येथे विनयपिटकातील एक नियम सांगण्याजोगा आहे. पाण्यात जीव आहेत हे माहीत असून भिक्खूने ते गवतावर किंवा मातीवर ओतू नये, असा नियम पाचित्तिय विभागात आहे. पाणी घालण्यापूर्वी पाण्याकडे पाहावे, ही त्यातली शिकवण. ताटलीत अळ्या झाल्यावर काय करावे, या पेचात पडण्याऐवजी पाणी साचूच दिले नाही, तर कोणाचाच जीव घ्यावा लागत नाही. वर्षावासाच्या परंपरेचा उगमही अशाच विचारात आहे. पावसाळ्यात फिरणारे भिक्खू हिरवे गवत व बारीक जीव तुडवतात, अशी लोकांची तक्रार आली आणि तीन महिने एका ठिकाणी राहण्याचा नियम झाला. ऋतू पाहून आपले वागणे बदलावे, हे संघानेही मानले.

ऑक्टोबर : पावसानंतरची होरपळ. धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या सुमारास पनवेलमधून पाऊस माघार घेतो, आकाश निरभ्र होते आणि ऊन एकदम तापते. चार महिने आपला हात पाण्यावरून उठलेला असतो. झाडाची मुळे ओलीला सरावून वरच्या थरात पसरलेली असतात. या आठ-पंधरा दिवसांतला हलगर्जीपणा पावसाळ्यात वाढलेली सगळी पालवी करपवतो. पाऊस थांबल्याच्या तिसऱ्या दिवसापासून रोज परीक्षा करावी. नेमकी याच वेळी दिवाळीची सुटीही जवळ आलेली असते.

नोव्हेंबर ते फेब्रुवारीचा मध्य : हिवाळा. पनवेलची थंडी सौम्य. पण रात्री लहानाच्या मोठ्या झालेल्या असतात, ऊन तिरपे होते आणि पुष्कळ झाडांची वाढ मंदावते. वाढ नाही तेथे पाण्याची गरजही कमी. घरातील झाडांना आठ-दहा दिवसांनी, स्नेक प्लांट व झीझी प्लांट यांना तीन-चार आठवड्यांनी पाणी पुरते. उलट शेवंती, झेंडू यांसारख्या फुलावर आलेल्या झाडांना या दिवसांत नियमित पाणी हवे. मोगऱ्याची गोष्ट वेगळी. फळबागायतदार बहार धरण्यासाठी झाडाला 'ताण देतात', म्हणजे ठरावीक काळ पाणी तोडतात. मोगऱ्याला डिसेंबरात पाणी कमी करून ताण द्यावा, जानेवारीत छाटणी करावी, मग खत व पाणी सुरू करावे. उन्हाळ्यात तो भरभरून फुलतो. पाणी न देणे हीसुद्धा काळजी असू शकते, हे मोगरा शिकवतो.

५. सर्वांना सारखे की प्रत्येकाला गरजेपुरते

वसतिगृहात नवीन आलेली मुले कुंड्यांना पाणी देताना एक-एक मग मोजून सर्वांना सारखे वाटतात. त्यांच्या मनातली समतेची जाणीव आम्हांला प्रिय आहे. पण याच ठिकाणी त्यांना एक धडा द्यावा लागतो. कोरफडीला आणि पुदिन्याला सारखे पाणी दिले, तर पंधरा दिवसांत कोरफड सडते आणि पुदिना वाळतो. मग सारखा, परिणाम विषम. ज्यांची सुरुवातीची परिस्थितीच वेगळी आहे, त्यांना एकाच मापाने मोजणे म्हणजे समता नव्हे. सातवी-आठवीच्या मुलांना हे कुंडीजवळ उभे राहून समजते, आणि पुढे विशेष संधीचा प्रश्न वर्गात आला, की त्यांना उदाहरण शोधावे लागत नाही.

गरज कशावर ठरते? पान पातळ व रुंद असेल तर पाणी अधिक. जाड, मेणचट असेल तर कमी. भाजलेल्या मातीची कुंडी भिंतींतून ओल सोडते, म्हणून लवकर सुकते. प्लास्टिकची कुंडी ओल धरून ठेवते. लहान कुंडी मोठीपेक्षा लवकर सुकते. पश्चिमेच्या बाल्कनीतील झाडाला दुपारचे ऊन मिळते, उत्तरेच्या खिडकीतले सावलीत असते. पंख्याखालचे झाड स्थिर हवेतल्या झाडापेक्षा जास्त पिते. मुळांनी कुंडी भरून गेली असेल तर पाणी टिकत नाही. तेथे उपाय जास्त पाण्याचा नाही, मोठ्या कुंडीचा आहे. सारख्या गरजेच्या कुंड्या एकत्र ठेवाव्यात, म्हणजे पाणी देणाऱ्याची चूक होत नाही.

६. हे पाणी कोठून येते

तीन हजार मिलिमीटर पावसाच्या प्रदेशात एप्रिल-मे उजाडला, की पाणीकपात सुरू होते. पनवेल शहराला पाणी देणारे गाढी नदीवरील देहरंग धरण उन्हाळ्यात तळ गाठते. टँकर फिरू लागतात. पनवेल-कर्जतच्या डोंगरपट्ट्यातील ठाकूर व कातकरी वाड्यांवरच्या भगिनींना तर हंड्यासाठी मैलोगणती चालावे लागते. आपल्या वसतिगृहातील काही मुले अशाच घरांतून आली आहेत. त्यांच्यासमोर नळाला पाइप लावून कुंड्या धुणे शोभत नाही.

आपल्या समाजाला तर पाण्याची किंमत कोणी सांगायला नको. महाड आपल्याच जिल्ह्यात आहे. त्या वेळी या जिल्ह्याचे नाव कुलाबा होते. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली हजारो माणसे चवदार तळ्यावर गेली, ती सार्वजनिक पाण्यावरचा माणूस म्हणून असलेला हक्क बजावण्यासाठी. ज्यांना तो हक्क मिळाला, त्यांच्यावर त्या पाण्याचा हिशेब ठेवण्याची जबाबदारीही आली.

हिशेब ठेवण्याचा धडा आणखी मागेही सापडतो. बोरिवलीजवळच्या कान्हेरी लेण्यांत जवळजवळ प्रत्येक लेण्याशेजारी खडकात खोदलेली पाण्याची टाकी आहे. तेथील शिलालेखांत तिला 'पोढी' म्हटले आहे आणि ती खोदण्यासाठी दान देणाऱ्यांची नोंद आहे. चार महिन्यांच्या पावसावर आठ कोरडे महिने काढायचे, हे कोकणातल्या भिक्खूसंघाने दोन हजार वर्षांपूर्वी ओळखले होते. विहार बांधणे हे जसे पुण्य, तसेच टाकी खोदणेही.

घरापुरते काय करता येईल? तांदूळ, डाळ व भाज्या धुतलेले पाणी त्याच दिवशी कुंड्यांना द्यावे. मीठ किंवा साबण असलेले पाणी देऊ नये. वातानुकूलन यंत्रातून ठिबकणारे पाणी चालते. पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रातून वाया जाणाऱ्या पाण्यात क्षार जास्त असतात. ते साध्या पाण्यात मिसळून, अधूनमधूनच वापरावे. बोअरवेलच्या जड पाण्यानेही मातीवर पांढरी पापुद्री धरते. पावसाळ्यात त्या कुंड्या एक-दोन दिवस मुद्दाम पावसात ठेवाव्यात, म्हणजे क्षार धुऊन जातात. पाइपऐवजी झारी वापरावी. उन्हाळ्यात मातीवर वाळक्या पानांचा दोन बोटे जाड थर पसरावा. ओल टिकते आणि पाने पुन्हा मातीतच जातात.

७. सुटीतील व्यवस्था

निवासी शाळेत दिवाळी आणि मे महिन्याच्या सुटीत व्हरांडे ओस पडतात. नोकरीनिमित्त गावी जाणाऱ्या कुटुंबाचीही हीच अडचण. जाण्याच्या आधी सर्व कुंड्या उन्हातून काढून सावलीत, एकमेकींना लागून ठेवाव्यात; त्यांच्यामधली हवा दमट राहते. फुले व कोवळे शेंडे खुडावेत. भरपूर पाणी देऊन वाळक्या पानांनी माती झाकावी. एवढ्यानेही बरीच झाडे आठवडा काढतात.

त्याहून जास्त दिवसांसाठी सुती वात उपयोगी पडते. झाकण असलेल्या बादलीत पाणी भरून ती कुंड्यांपेक्षा थोडी उंच ठेवावी. जाड सुती दोरी भिजवून तिचे एक टोक बादलीच्या तळाशी आणि दुसरे कुंडीतल्या मातीत दोन-तीन इंच खोल पुरावे. पाणी दोरीतून हळूहळू मातीत उतरते. झाकण बसवताना दोरीपुरतीच फट ठेवावी, म्हणजे डास आत जाणार नाहीत. ही व्यवस्था निघण्याच्या दिवशी प्रथमच करू नये. आठवडाभर आधी करून बादलीतील पाणी रोज किती उतरते ते मोजावे आणि सुटीच्या दिवसांनी गुणावे. मोठ्या पिंपातील झाडांसाठी मटका-सिंचन चांगले : न रंगवलेले लहान मडके गळ्यापर्यंत मातीत पुरून पाण्याने भरावे व तोंड झाकावे. भाजलेल्या मातीतून लागेल तेवढेच पाणी झिरपते. कोरफड, स्नेक प्लांट यांना सुटीत काहीही लागत नाही.

८. पाणीवही

शेवटी, विद्यार्थ्यांसाठी व घरी मुले असलेल्या माजी विद्यार्थ्यांसाठी वर्षभराचा एक अभ्यास सुचवतो. एक साधी वही घ्यावी. घरातल्या तीन कुंड्या निवडाव्यात : एक जाड पानांची, एक पातळ पानांची, एक फुलांची. प्रत्येक कुंडीसाठी चार रकाने आखावेत : तारीख, दोन पेरांवर माती ओली की कोरडी, दिलेले पाणी मिलिलिटरमध्ये, आणि त्या दिवसाची हवा. महिन्याच्या शेवटी दोन पाण्यांमधील सरासरी अंतर काढावे. बारा महिन्यांनी ती बारा अंतरे ओळीने लिहिली, की आपल्या घराचे, आपल्या खिडकीचे पाणीपत्रक तयार होते. या लेखात दिलेली अंतरे त्याच्याशी ताडून पाहावीत. जेथे फरक पडेल, तेथे स्वतःच्या वहीवर विश्वास ठेवावा.

इतिहासाच्या तासाला आम्ही सांगतो, की नोंद नसेल तर पुरावा नाही आणि पुरावा नसेल तर उरते ती केवळ ऐकीव गोष्ट. 'आमच्या घरात झाडे जगत नाहीत', 'आमच्या हाताला गुण नाही' या अशाच ऐकीव गोष्टी आहेत. हाताच्या गुणाचा येथे काही संबंध नाही. भोक बुजलेले होते, किंवा जुलैत कोणी पाहिले नाही, किंवा डिसेंबरात फार पाहिले, यांपैकी एखादे कारण वहीत सापडेल.

ज्यांनी अशी वही वर्षभर ठेवली, त्यांनी ती पुढील स्नेहसंमेलनाला बरोबर आणावी. कामोठ्याची आठव्या मजल्यावरची बाल्कनी आणि कर्नाळ्याच्या पायथ्याचे अंगण यांच्या नोंदी शेजारी ठेवून वाचता आल्या, तर पनवेलच्या ऋतूंविषयी शाळेतील मुलांना पुस्तकापेक्षा नेमके काही शिकवता येईल.